सरळ पात्याचा चाकू

ते साल एकसष्टचं. आषाढात मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी वाघझरला आले होते आणि आबा, म्हणजे माझे वडील, कलमं बांधत होते.

आमचं घर खाडीच्या काठाला, मागे चढावर आंब्याची झाडं. घरात माणसं दोनच, आबा आणि मी. आई मी लहान असतानाच गेली. माझे यजमान, दामोदर, मुंबईला छापखान्यात होते. पाऊस जरा उघडला की आबा मला मागच्या पडवीत पाटावर बसवत आणि समोरच्या झाडाला बांधलेल्या माचावर चढत. त्या माचावर मातीच्या कुंड्यांत रायवळ आंब्याची रोपं असत. रोपाचं खोड एका बाजूने तासायचं, हापूसची फांदी तेवढीच तासायची, दोन्ही कापलेल्या बाजू समोरासमोर आणून केळीच्या सोपाने, म्हणजे वाळलेल्या सालीच्या पट्टीने, घट्ट बांधायच्या आणि वरून शेण-मातीचा लेप द्यायचा. दोन-तीन महिन्यांत दोघांचं एक होतं. मग फांदी आईच्या झाडापासून, म्हणजे मूळ हापूसपासून, तोडायची. आबांचं कलम मेल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं.

"सगळा पात्यात आसा," ते म्हणत.

चाकू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. मिटला की वीतभरसुद्धा नाही, शिंगाची काळी मूठ, आणि पातं पट्टीने आखल्यासारखं सरळ. पाठ पुढे उतरत येऊन धारेला मिळायची, त्यामुळे टोक असं नव्हतंच. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत कामाला होते, तेव्हा एका परदेशी खलाशाकडून त्यांनी तो घेतला होता.

"त्याचं टोक मोडलंय का हो?" मी विचारलं.

"मोडूक नाय. बोटीवरचो चाकू असोच. बोट हलता, टोक आसला तर कोणाच्या पोटात जायत. हेका दोर कापूक येता, माणूस मारूक येणा नाय." ते हसले. "म्हणान तर घेतलंय."

मग खाली उतरून त्यांनी नुकतंच तासलेलं एक रोप माझ्यापुढे धरलं. कापलेल्या जागेवर पातं आडवं टेकवलं. "बघ. मधसून उजेड दिसता?"

"नाही."

"हां. घरच्या सुरीक बाक आसता. तिना कापला तर मध्ये खळगो पडता. खळग्यात पाणी रवता, आणि कलम कुजता. ह्येची धार सगळी एकदम टेकता. झाडाक कापलेला कळणासुद्धा नाय."

संध्याकाळी ते निसण्यावर धार लावत. बाकदार सुरीला धार लावताना मनगट फिरवावं लागतं. याला नाही. दगडावर आडवा ठेवायचा आणि पुढे-मागे न्यायचा, एकसारखा, झोपाळ्यासारखा. तो आवाज ऐकत मला डुलकी लागे. मग ते हातावरचे चार केस कापून बघत आणि चाकू मिटत. मिटतानाही एक आवाज व्हायचा, डबीचं झाकण लागावं तसा.

त्या दिवशी सोपाची गाठ सोडवायला मी हात पुढे केला. "द्या इकडे चाकू."

आबांनी चाकू मिटला, पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला. "घे."

"मी वाकू कशी या पोटाने? हातात द्या की!"

"सुरी हातात देवची नसता. भांडान लागता."

"तुमचं आणि माझं?"

"तुझी आये गेल्यापासून घरात दोनच माणसा. भांडलो तर जेवतला कोण कोणाबरोबर?"

मी कशीबशी वाकले आणि चाकू उचलला. ते कुणालाच चाकू हातात देत नसत. आमच्याकडे कुणीच देत नसे.

आवडाय सुईण रोज सकाळी येई. साठीची असेल. मला तिनेच जगात आणलं होतं, त्यामुळे माझ्यावर तिचा आवाज चढाच असायचा. दोन वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या दवाखान्यातल्या रेबेलो नर्सबाईंनी गावोगावच्या सुइणींना बोलावून शिकवलं होतं आणि प्रत्येकीला पत्र्याची एक पेटी दिली होती. आवडाय ती पेटी डोक्यावर घेऊन फिरे. पावसात छत्री पेटीवर, आणि आपण भिजत.

"चाळीस वर्षां मी नाळेक राख लायत होतंय," ती मला तेल लावताना सांगे. "नर्सबाईन सांगितल्यान, राख नाय, शेण नाय, काय काय नाय. उकळलेली कात्री, उकळलेलो दोरो, धुतलेलो कपडो. बस. आता माझ्या हातचा एक पोर मरणा नाय. सून म्हणता, सासूबाई, तुम्ही आता डाक्टरीण."

पण त्या वर्षी खारी हवा आणि पाऊस एवढा, की पेटीतल्या कात्रीला गंज चढला आणि खिळा निसटून तिची दोन पाती वेगळी झाली. नवीन कात्री किंवा ब्लेड आणायचं तर खाडीपलीकडे जायला हवं, आणि खाडीला ओढ असल्याने तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद होती.

"माझो चाकू आसा मा," आबा म्हणाले.

"तुझो चाकू चिखलातलो, रे विश्राम."

"उकळून देतंय."

"खळखळून उकळूक होयो. भात शिजता तितको वेळ."

"दोन भात शिजतले तितको वेळ उकळतंय, मगे तर झाला?" आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या चाकून केलेला काय आजपर्यंत चुकाक नाय. नातवाचा तरी कित्याक चुकात?"

आवडाय माझ्याकडे बघून हसली. "बापूस झाडाचो नि लेकीचो फरक ओळखणा नाय."

श्रावणात माझे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या. आबांनी आवडायला हाक मारली आणि ती येईपर्यंत मधली खोली स्वतः सारवून काढली. आईच्या मागे ते सगळंच करायला शिकले होते. ओल्या शेणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. दारावर त्यांनी आईचं जुनं लुगडं बांधलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली.

दुपारी मुलगा झाला. रडला तो एवढ्या जोरात, की आबा बाहेरून ओरडले, "झील गो? झील?"

"झीलच! चाकू हाड आधी," आवडायने मागितला. तिने हात साबणाने कोपरापर्यंत धुतले होते. उकळलेला दोरा दोन ठिकाणी बांधून ती उकिडवी बसली होती.

लुगड्याखालून आबांचा हात आत आला. हातात चिमटा, चिमट्यात उघडा चाकू. पात्यातून वाफ निघत होती. त्यांनी तो दारालगत जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"घे गो, आवडाय."

तिने तो उचलला. मला खरंच काही कळलं नाही. बाळालाही कळलं नसावं. तो त्या वेळी रडायचा थांबून छताकडे बघत होता.

नंतर चाकू पुसून, मिटून माझ्या उशीखाली ठेवला गेला. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड असावं म्हणून. रात्रंदिवस तो तिथे होता. कुशीवर वळले की उशीतून टोचायचा आणि मला बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी, सटीच्या पूजेला, बाळ दूध ओढेना. मी त्याच्या ओठांना बोट लावलं तर जबडा उघडेना. आवडायने बघितलं आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आबांच्या हातून झाकणी पडली. त्या आवाजासरशी बाळ धनुष्यासारखं ताठलं, टाचा आणि डोकं टेकलेलं, मधलं अंग वर. तोंडावर हसल्यासारखं काहीतरी आलं होतं. ते हसणं नव्हतं.

आबा पावसात धावत सुटले. तर बंद होती. एका कोळ्याच्या पाया पडून त्यांनी होडी घालायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेबेलो बाईंना घेऊन आले. तोवर आम्ही घरात आवाज केला नव्हता. चूलसुद्धा पेटवली नव्हती, लाकूड फुटल्याचा आवाज नको म्हणून.

बाईंनी बाळाकडे बघितलं. पिशवी उघडलीच नाही.

"धनुर्वात," त्या म्हणाल्या. आणि आवडायकडे वळल्या. "नाळेला काय लावलंस?"

"काय नाय, बाई."

"काय लावलंस, आवडाबाई?"

"काय्येक लावूक नाय. शपथ."

बाळ माझ्या मांडीवर गेलं. पाऊस पडत होता, त्यामुळे आबांनी खड्डा खणल्याचा आवाज मला आत ऐकू आला नाही. वरच्या बाजूला, कलमांच्या पलीकडे त्यांनी त्याला पुरलं. परत आले ते मातीच्या हातांनी पायरीवर बसून राहिले.

"राख," ते म्हणाले. "म्हातारीन राख लायल्यान."

"नाही लावली, आबा. मी बघत होते."

"तू शुद्धीत होतंस? मी चाकू उकळलंय. पाणी आटासर उकळलंय. मगे दुसरा काय ता सांग!"

मलाही ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांत वाडीभर झालं, आवडायने राख लावली. चाळीस वर्षांची सवय, पेटी डोक्यावर घेतल्याने थोडीच जाते, असं लोक म्हणू लागले. वाडीत त्या महिन्यात दोघी अवघडलेल्या होत्या. दोन्ही घरांतून तिला निरोप गेला, येऊ नकोस. लहान मुलं तिला बघून आत पळू लागली. आणि आबांनी खाडीपलीकडे निरोप धाडला, बाईंनी येऊन पेटी काढून घ्यावी.

रेबेलो बाई आल्या तेव्हा मी अंथरुणातच होते. अंगावरचं दूध वाहून जात होतं आणि आवडाय नसल्याने ते कसं थांबवायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. बाईंनी आवडायलाही बोलावून घेतलं. ती पेटी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली.

"आत ये," बाई म्हणाल्या. "मला भांडण नको आहे. मला कळायला हवं. हा रोग हवेतून येत नाही. शेणात असतो, मातीत असतो, राखेत असतो. डोळ्यांना दिसत नाही. नाळेला त्यातलं काही लागलं असेल तरच होतो. म्हणून मी तुम्हाला ओरडून ओरडून सांगितलं होतं. लागलं असणारच. कुठून, ते मला सांगा."

"विचारा तिका," आबा म्हणाले.

"मी काय लावूक नाय," आवडाय म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "बाई, ही पेटी गेली तर मी जगाक काय सांगू? म्हातारपणी पोर मारलंय म्हणान सांगू?"

"मग दाखवा मला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी जसं केलंत, तसंच. पहिल्यापासून. काही सांगू नका, फक्त करा. चाकू कुठे आहे?"

मी उशीखालून काढून दिला. बाईंनी तो उघडून बघितला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. "स्वच्छ आहे," म्हणाल्या.

आबा स्वयंपाकघरात गेले. चूल पेटवली. भांड्यात पाणी, पाण्यात चाकू. बाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. पाणी उकळून खाली गेलं तरी आबा थांबले नाहीत. "त्या दिवशी ह्येच्यापेक्षा जास्त उकळलंय," म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्या माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. आवडायने हात धुतले, नखांतसुद्धा साबण घातला, उशी बाळाच्या जागी ठेवली आणि उकिडवी बसली. दोरा बांधल्यासारखं केलं. ते बघताना मी भिंतीकडे तोंड वळवलं, पण मग परत वळले.

"चाकू हाड," ती म्हणाली.

लुगड्याखालून हात आला. चिमटा. वाफाळता चाकू. आबांनी तो दारालगत सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"घे गो, आवडाय."

आवडायचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

पागोळ्यांचं पाणी बाहेर पडत होतं. मी बाईंकडे बघितलं. त्या चाकूकडे बघत होत्या. पात्याची धार, ती सगळीच्या सगळी एकदम टेकणारी धार, जमिनीला टेकलेली होती.

बाईंनी लुगडं बाजूला केलं. आबा पलीकडे चिमटा धरून उभे होते, शिकवलेलं नीट म्हणून दाखवलेल्या मुलासारखे.

"जमिनीवर का ठेवलात?" बाईंनी विचारलं.

"हातात सुरी देत नाय, बाई," आबा म्हणाले. "भांडान लागता."

"आबा, तुम्ही..." बाईंनी सुरुवात केली.

"राख लायली मी," आवडाय म्हणाली.

बाई वळल्या.

"राख लायली मी, बाई. चुलीतली. मूठभर. सवय गेली नाय. उगाच मघापासून खोटा बोलत होतंय."

"आवडाय!" मी ओरडले. "काय बोलतेस? मी बघत होते, तू..."

"तू गप रव. बाळंतीण तू. तुका काय दिसला?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या तोंडातले शब्द तिथेच राहिले. मग ती पेटी पुढे सरकवून उठली. "घ्या, बाई. न्या ही."

"ऐकलात?" आबा म्हणाले. "ऐकलात मा?" आणि ते दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच.

रेबेलो बाई बराच वेळ आवडायकडे बघत राहिल्या. आवडायने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. बाईंनी पेटी उचलली. जाताना पायरीवर आबांपाशी थांबल्या.

"चाकू चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण यापुढे कुणाला देताना हातात देत जा."

आबांना त्यांचं बोलणं कळलं नाही. आपल्या रीतीत न वाढलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी बाईंकडे बघितलं.

भाद्रपदात मी हिंडूफिरू लागले. एकदा झऱ्यावर आवडाय भेटली. कळशी भरून घेत होती. मी तिचा हात धरला.

"का केलंस तू तसं?"

"काय करू मगे?" ती म्हणाली. "पोर गेला, ता गेला. तेका कळला असता तर त्याच आंब्याक लटाकलो असतो तो. तुका ठाऊक नाय? तुझी आये गेली तेव्हा तीन दिवस मी तेच्या दाराशी निजलंय, रे बाबा, लहान पोर आसा, रे बाबा, म्हणत."

"पण तुझी चूक नसताना..."

"नाय कशी? ठेवलो तेना, उचललो मी. नर्सबाईन माका शिकवल्यान, तेका नाय." तिने कळशी कमरेवर घेतली. "जा आता. लोक बघतत. माझ्याशी बोलू नको."

दसरा जवळ आला आणि कलमं तोडायचे दिवस आले. मी मुंबईला जायच्या आधीची गोष्ट. आबा माचावर चढले. माझ्यासमोर बांधलेलं ते कलम जुळलं होतं. लेप फोडून त्यांनी बघितलं, दोन्ही खोडांची साल एक झाली होती. आता फांदी आईच्या झाडापासून तोडायची एवढंच राहिलं होतं.

"शेवंता, तू तोड ह्या कलम," ते म्हणाले. माझं मन रमवायला म्हणाले असावेत. "मी कुंडी धरतंय."

ते खाली उतरले. चाकू उघडून जमिनीवर ठेवला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि लेपासाठी कालवलेलं शेण तिथेच पडलेलं होतं.

"घे."

मी वाकले नाही. माझं पोट आता रिकामं होतं, वाकायला काही अडचण नव्हती. पण हात जाईना. मी त्या चाकूकडे बघत उभी राहिले.

"घे मा गो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी जिथे बघत होते तिथे बघितलं. पात्याच्या धारेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या शेणाची बारीक रेघ चिकटली होती.

ते खाली बसले. चाकू उचलून डोळ्यांजवळ नेला. कापाची जागा तपासताना धरत तसा, उजेडात आडवा. कितीतरी वेळ. दुपार होती, कुठेतरी भारद्वाज ओरडत होता. मला वाटलं, आता ते विचारतील आणि मला सांगावं लागेल. त्यांनी विचारलं नाही.

"बाई म्हणाली होती," ते म्हणाले. "हातात दी म्हणान."

चाकू धोतराला पुसला. मिटला. आणि ते चालायला लागले. मी मागून धावले. आवडायचं घर वाडीच्या टोकाला. ती अंगणात बसून फणीने केस विंचरत होती. आबांना बघून उठायला लागली.

"बस," आबा म्हणाले. तिच्यापुढे ते गुडघ्यांवर बसले. तिचा उजवा हात ओढून घेतला, उघडला, आणि चाकू तिच्या तळहातावर ठेवला. त्यावर तिची बोटं मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत ती मूठ धरून ठेवली.

"हातात दिलंय," ते म्हणाले. "भांडान लागता मा? लागूदे. भांड माझ्याशी."

आवडायने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही सांगितलेलं नाही म्हणून.

"भांड गो. गाळी घाल. तोंडात मार. तुझो जल्माचो घात केलंय मी. माझ्या नातवाक..."

तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या डोक्यावरचा शेणाचा शिंतोडा पुसला. "भांडाचा वय आसा काय आता?" ती म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "शेवंते, आत जा, चाय ठेव. साखर डब्यात असात."

चहा ठेवताना मला ते दोघं दारातून दिसत होते. तो चाकू अजून तिच्या मुठीत होता आणि ती मूठ अजून त्यांच्या हातांत.

दसऱ्याला देवळात सगळी वाडी सोनं लुटायला जमली, तेव्हा आबा उभे राहिले आणि म्हणाले, "राख नव्हती. चाकू मी जमिनीवर ठेवलंय." एवढंच. काहींना कळलं, काहींना नाही. दुसऱ्या दिवशी ते खाडीपलीकडे जाऊन स्वतः पेटी घेऊन आले, डोक्यावर.

आबा पुढे बारा वर्षं जगले. त्यांनी पुन्हा कलम बांधलं नाही. आमचं ते जुळलेलं कलम तोडायचं राहूनच गेलं. माच कुजून पडला, कुंडी फुटली आणि रोप फांदीला लोंबत वाळून गेलं. झाडं मात्र त्यांनी शेवटपर्यंत राखली. वरच्या बाजूला, जिथे बाळाला पुरलं, तिथे दुसरं काहीही लावू दिलं नाही.

रेबेलो बाईंची पुढे बदली झाली. वेंगुर्ल्याला त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. त्यांना मी आठवले नाही. चाकू आठवला.

दामोदरांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी आबांना त्यावरून कधी एक शब्द विचारला नाही. दामोदर जाऊन आता नऊ वर्षं झाली.

माझी थोरली मुलगी चौसष्ट साली वाघझरला आवडायच्याच हातून झाली. पेटीत नवी कात्री होती. आबा त्या दिवशी सकाळीच घरातून निघून गेले आणि तिचा रडण्याचा आवाज ऐकूनही बराच वेळ परतले नाहीत.

आवडाय नव्वदीला टेकून गेली. तिच्या बाराव्यानंतर तिची सून मुंबईला आली होती, ती माझ्याकडे आली. पिशवीतून तिने चाकू काढला आणि माझ्या फरशीवर ठेवला.

"घ्या, काकी. त्यांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं."

"हातात दे," मी म्हणाले.

"हातात?" ती घुटमळली. "अहो, पण हातात..."

"दे."

तिने तो उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी उघडून बघितला. सरळ पातं, कुठे गंज नाही. तेल लावलेलं होतं. इतकी वर्षं म्हातारीने त्याची धारही जाऊ दिली नव्हती.